वेब सर्व्हर एका वेळी शंभर जणांना कसा पुरा पडतो? प्रोसेस, थ्रेड आणि ताटकळणाऱ्या रिक्वेस्टचा हिशेब

सह्यवारा (धागाकर्ता)

प्रवेशाचा किंवा निकालाचा दिवस आला की छोट्या कॉलेजांच्या साइट बसतात आणि पहिला सल्ला ठरलेला असतो: मोठं मशीन घ्या. मोठं मशीन घेऊनही बसलेल्या साइट मी पाहिल्या आहेत, आणि त्या वेळी सीपीयू जवळजवळ रिकामा होता. सीपीयू रिकामा, तरी साइट बंद, असं का होतं हे एकदा उमगलं की सर्व्हरच्या कॉन्फिगमधल्या निम्म्या आकड्यांचा अर्थ लागतो. म्हणून हा धागा. इथे पीएचपी, पायथन, जावावाले बरेच आहेत, प्रत्येकाने आपापली भर घालावी.

ब्राउझरने कनेक्शन जोडलं की सर्व्हरला एक सॉकेट, म्हणजे त्या कनेक्शनचं आपल्या बाजूचं टोक, मिळतं. सर्व्हर त्यातून वाचायला जातो. मजकूर अजून पोचलेला नसेल तर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) त्या प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामला, तिथेच झोपवतो आणि मजकूर आला की उठवतो. सर्व्हर एकच प्रोसेस, एकच थ्रेड (प्रोसेसच्या आत चालणारा कामाचा एक धागा) असा असेल तर एका माणसाचं नेटवर्क मंद आहे एवढ्या कारणाने बाकी सगळे खोळंबतात. रिक्वेस्टचं आयुष्य पाहिलं तर त्यातला बहुतेक वेळ असा वाट पाहण्यातच जातो. मोबाइलकडून उरलेला मजकूर यायची वाट, डेटाबेसच्या उत्तराची वाट, डिस्कची वाट, पेमेंट गेटवेची वाट. पान तयार करायला सीपीयूचं खरं काम काही मिलिसेकंदांचं असतं.

त्यामुळे प्रोसेस, थ्रेड, इव्हेंट लूप (एकाच थ्रेडने ज्याचं काही आलंय त्याचं काम करत फिरत राहणं) या तिन्ही पद्धती मला एकाच प्रश्नाची उत्तरं वाटतात: एक रिक्वेस्ट ताटकळत उभी असताना तिच्यापायी आपण मशीनचं काय काय अडकवून ठेवतो?

पहिलं उत्तर प्रोसेसचं. १९९०च्या दशकातले सुरुवातीचे सर्व्हर प्रत्येक कनेक्शनसाठी फोर्क करून, म्हणजे स्वतःची प्रत काढून, नवी प्रोसेस काढायचे. प्रत्येक वेळी प्रोसेस जन्माला घालायची आणि काम संपलं की मारायची, यात बराच वेळ जातो. १९९५ साली आलेल्या एपाचेने प्रोसेसचा ताफा आधीच उभा करून ठेवायची पद्धत रुळवली. तिला प्रीफोर्क म्हणतात. एक पालक प्रोसेस, तिची अनेक मुलं, आणि एक मूल एका वेळी एकच कनेक्शन सांभाळतं. मूळ मांडणीत पाच मुलांनी सुरुवात होते. किमान पाच मोकळी राहावीत, दहापेक्षा जास्त रिकामी बसू नयेत, असा हिशेब पालक सतत करत असतो.

फोर्क म्हटलं की सगळी मेमरी दुप्पट झाली असं वाटतं, तसं होत नाही. कर्नल पालकाचीच मेमरीची पानं (मेमरीचे छोटे ठरावीक तुकडे) मुलाला दाखवतो, आणि दोघांपैकी कुणी एखाद्या पानावर लिहिलं तरच त्या पानाची वेगळी प्रत काढतो. म्हणून टॉप या कमांडमध्ये दिसणाऱ्या आरएसएसच्या (प्रोसेसने धरलेली एकूण मेमरी) आकड्यांची बेरीज करून मेमरीचा अंदाज बांधला तर तो फुगलेला येतो, कारण सामायिक पानं प्रत्येक प्रोसेसच्या खात्यात पुन्हा पुन्हा मोजली जातात. खरा भार पाहायचा तर पीएसएस पाहा. त्यात सामायिक पानांचा वाटा वाटून दिलेला असतो.

प्रोसेसचा मोठा गुण म्हणजे वेगळेपणा. एखाद्या एक्स्टेन्शनने सेगमेंटेशन फॉल्ट खाल्ला तर एक मूल मरतं, एका माणसाचं पान अडतं, पालक लॉगमध्ये एक ओळ लिहून नवं मूल काढतो आणि बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. मेमरी गळत असेल तर ठरावीक कनेक्शननंतर मुलाला निवृत्त करायची सोय आहे. पीएचपीसारख्या भाषेला, जिच्या आजूबाजूच्या कितीतरी सी लायब्रऱ्या थ्रेडसाठी सुरक्षित नव्हत्या, या वेगळेपणानेच इतकी वर्षं सांभाळलं. जुनी म्हणून ही पद्धत हिणवली जाते, ते मला पटत नाही.

आता किंमत. ४ जीबीचं मशीन घ्या, त्यावरच मायएसक्यूएल. डेटाबेसला १ जीबी, सिस्टिम आणि फाइल कॅशला अर्धा-पाऊण जीबी सोडा. उरले सुमारे २.५ जीबी. वर्डप्रेससारख्या साइटवर एक प्रोसेस स्वतःची अशी ५० एमबी सहज धरते. म्हणजे झेपतील पन्नास प्रोसेस. पण उबुंटूवर मोड-पीएचपी (एपाचेच्या आतच चालणारं पीएचपी) बसवलं की एपाचे प्रीफोर्कवर जातो आणि तिथल्या फाइलमध्ये मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स, म्हणजे जास्तीत जास्त प्रोसेस, १५० लिहिलेलं असतं. १५० गुणिले ५० म्हणजे ७.५ जीबी. गर्दी वाढली की आधी स्वॅप (डिस्कवरची उसनी मेमरी) भरतो, प्रत्येक रिक्वेस्ट मंदावते, मंदावली म्हणून आणखी प्रोसेस निघतात, आणि शेवटी कर्नलचा ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा) सर्वात जास्त मेमरी धरून बसलेल्या प्रोसेसवर जातो. ती बहुधा मायएसक्यूएल असते. लोकांना पडद्यावर डेटाबेस जोडला जात नाही असा संदेश दिसतो आणि सगळे डेटाबेसच्या मागे लागतात. दोष वेब सर्व्हरच्या एका आकड्यात असतो.

त्यात कीप-अलाइव्हची भर. पान देऊन झाल्यावरही कनेक्शन काही वेळ उघडं ठेवायचं, म्हणजे पुढच्या फाइलसाठी पुन्हा जोडणी करायला नको. एपाचेची मूळ मुदत ५ सेकंदांची. प्रीफोर्कमध्ये हे ५ सेकंद एक अख्खी ५० एमबीची प्रोसेस काहीही न करता बसून राहते. पान ०.२ सेकंदात तयार झालं तरी प्रोसेस ५.२ सेकंदांनी मोकळी होते. पन्नास प्रोसेस असतील तर सेकंदाला जेमतेम दहा कनेक्शन हातावेगळी होतात. तीच प्रोसेस पान देताच मोकळी झाली असती तर तो आकडा अडीचशे आला असता. रिकाम्या सीपीयूवर बंद पडलेली साइट ती हीच.

दुसरं उत्तर थ्रेडचं. २००२ साली एपाचे २.० आला तो वर्कर ही नवी पद्धत घेऊन. मोजक्या प्रोसेस, प्रत्येकीत अनेक थ्रेड. आजही मूळ मांडणी १६ प्रोसेस गुणिले २५ थ्रेड, म्हणजे ४०० अशी आहे. एका प्रोसेसमधले थ्रेड तीच मेमरी वापरतात, त्यामुळे ताटकळणाऱ्या रिक्वेस्टमागे एक स्टॅक आणि थोडा किरकोळ ऐवज एवढंच अडकतं. लिनक्सवर थ्रेडचा स्टॅक ८ एमबी दिसतो तो फक्त राखून ठेवलेला पत्ता. खरी मेमरी वापरलेल्या पानांपुरतीच जाते. कर्नलच्या लेखी प्रोसेस आणि थ्रेड ही दोन्ही टास्कच, क्लोन या एकाच कॉलने निघालेली. काय सामायिक आणि काय स्वतंत्र, एवढाच फरक.

पण सामायिक मेमरी म्हणजे सामायिक धोका. एक थ्रेड कोसळला की त्या प्रोसेसमधले पंचवीसही जातात. दोन थ्रेडनी एकच व्हेरिएबल एकाच क्षणी बदललं तर चूक हजारातून एकदा दिसते आणि तपासायला बसलं की दिसत नाही.

तिसरं उत्तर इव्हेंटचं: ताटकळणाऱ्यामागे थ्रेडसुद्धा अडकवायचा नाही. १९९९ साली डॅन केगेल यांनी सी१०के हा प्रश्न मांडला, एका मशीनने एकाच वेळी दहा हजार जणांना कसं सांभाळावं. पुढे फ्रीबीएसडीत केक्यू आणि लिनक्समध्ये ईपोल आलं. "या हजारो सॉकेटपैकी ज्यांच्यात काही आलंय तेवढीच सांग" असं कर्नलला विचारता येऊ लागलं. इगोर सिसोएव यांनी २००४ मध्ये जाहीर केलेला एनजिनएक्स यावरच उभा आहे. साधारण कोअरमागे एक वर्कर प्रोसेस, आणि प्रत्येक वर्कर हजारो कनेक्शन फिरवत राहतो. दहा हजार निष्क्रिय कीप-अलाइव्ह कनेक्शनना सुमारे २.५ एमबी मेमरी लागते, असं एनजिनएक्सचे लोक सांगतात. वरच्या हिशेबातली ५० एमबीची एक प्रोसेस त्याशेजारी ठेवून पाहा.

एपाचेनेही हे घेतलं. इव्हेंट पद्धत २.४ मध्ये, २०१२ साली, पक्की झाली. तिच्यात कीप-अलाइव्हवर बसलेली कनेक्शन एक ऐकणारा थ्रेड सांभाळतो आणि कामाचे थ्रेड मोकळे राहतात.

माझं मत: पीएचपीवाल्यांनी आता मोड-पीएचपी सोडावं. पुढे एनजिनएक्स किंवा एपाचे इव्हेंट ठेवावा, मागे पीएचपी-एफपीएम (पीएचपीच्या प्रोसेस वेगळ्या सांभाळणारा मॅनेजर). मंद मोबाइलवाल्यांचं ओझं पुढच्याने वाहायचं, जड प्रोसेस फक्त पीएचपी चालू असेल तेवढाच वेळ गुंतवायची.

---

अरण्यवाट

छान लेख. साठवून ठेवला.

एक मूलभूत शंका. एका पोर्टवर एकच प्रोग्राम ऐकू शकतो असं आम्हाला शिकवलं होतं. मग पोर्ट ८० वर या पन्नास प्रोसेस कशा ऐकतात?

---

सह्यवारा

@अरण्यवाट, पोर्ट पालक प्रोसेस उघडते. १०२४ खालचं पोर्ट उघडायला विशेष हक्क लागतो, म्हणून पालक रूट म्हणून सुरू होतो. तो सॉकेट उघडतो, मग फोर्क करतो, आणि मुलांना ते उघडं सॉकेट वारशाने मिळतं. मुलं आपले हक्क सोडून साध्या युजरवर उतरतात. सगळी मुलं त्याच सॉकेटवर ॲक्सेप्ट म्हणून थांबतात आणि नवं कनेक्शन आलं की कर्नल ते एकाच्या हाती देतो.

पूर्वी एका कनेक्शनसाठी कर्नल सगळ्यांना जागं करायचा, एकाला काम मिळायचं, बाकीचे परत झोपायचे. त्याला थंडरिंग हर्ड म्हणत. साध्या ॲक्सेप्टपुरतं ते लिनक्सने फार पूर्वी मिटवलं, ईपोलवाल्यांना मात्र त्रास उरला. २०१३ मध्ये लिनक्स ३.९ मध्ये रीयूजपोर्ट आलं. त्यात प्रत्येक वर्करला त्याच पोर्टवर स्वतःची वेगळी रांग मिळते आणि कर्नल कनेक्शन वाटून देतो. तेव्हापासून "एका पोर्टवर एकच" हा नियम अर्धाच खरा आहे.

---

पाटीपेन्सिल

मी शेवटच्या वर्षाला आहे, झॅम्पवर (एपाचे, पीएचपी, डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज) प्रोजेक्ट करते. दोन प्रश्न.

१. विंडोजसाठी पीएचपी डाउनलोड करताना थ्रेड सेफ आणि नॉन थ्रेड सेफ असे दोन पर्याय दिसतात. कुठला का घ्यायचा, कुणीच सांगत नाही.

२. एक पान दहा सेकंद स्लीप करतं. ते दोन टॅबमध्ये उघडलं तर दुसरा टॅब पहिला संपल्यावरच सुरू होतो, म्हणजे वीस सेकंद. म्हणजे माझा एपाचे एका वेळी एकच रिक्वेस्ट घेतो का?

---

गोदाकाठ

@पाटीपेन्सिल, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण या चाचणीने खूप जण फसतात. सर्व्हर घेतोय, दोन दुसऱ्याच गोष्टी आड येतायत.

एक, ब्राउझर. दोन टॅबमध्ये तंतोतंत तीच यूआरएल उघडली तर क्रोम दुसरी रिक्वेस्ट मागे धरून ठेवतो, कारण पहिलीचं उत्तर कॅशमध्ये ठेवता आलं तर दुसरी पाठवायची गरजच पडणार नाही. यूआरएलच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन वेगवेगळा आकडा लावून पाहा.

दोन, सेशन. पानाच्या सुरुवातीला सेशन स्टार्ट असेल तर पीएचपी तुमच्या सेशनची (लॉगिनसारखी तुमची माहिती ठेवलेली) फाइल कुलूपबंद करते आणि स्क्रिप्ट संपेपर्यंत सोडत नाही. त्याच युजरची दुसरी रिक्वेस्ट त्या कुलपापाशी अडते. शेकडो वर्कर असले तरी अडते. सेशनमधलं काम उरकलं की लगेच सेशन राइट क्लोज करा. एका डॅशबोर्डवर सहा एजॅक्स कॉल एकामागून एक सरकताना दिसले तर नव्वद टक्के वेळा कारण हेच निघतं, आणि लोक सर्व्हर बदलत बसतात.

खरी चाचणी कमांड लाइनवरून करा. एपाचेबरोबर एकदम अनेक रिक्वेस्ट पाठवणारं एबी नावाचं साधन येतंच.

---

सह्यवारा

@पाटीपेन्सिल, पहिला प्रश्न उत्तम आहे आणि तो थेट या विषयाचा आहे. विंडोजमध्ये फोर्क नाही आणि नवी प्रोसेस काढणं महाग आहे. म्हणून तिथे एपाचे एक पालक आणि एकच मूल प्रोसेस काढतो, आणि सगळ्या रिक्वेस्ट त्या मुलाच्या थ्रेडवर चालतात. पीएचपी मॉड्यूल म्हणून आत बसवलं तर एकाच मेमरीत अनेक स्क्रिप्ट एकदम चालणार, त्यामुळे थ्रेड सेफ बिल्डच हवं. झॅम्पमध्ये तेच असतं. फास्टसीजीआय वापरलं, जसं आयआयएसवर, तर पीएचपीची प्रत्येक प्रोसेस एका वेळी एकच स्क्रिप्ट चालवते. तिथे थ्रेडसाठीची जादा सावधगिरी लागत नाही, नॉन थ्रेड सेफ घ्यायचं.

म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर थ्रेड, आणि होस्टिंगच्या लिनक्सवर बहुधा प्रोसेस. प्रोजेक्ट तोच, खालची यंत्रणा वेगळी. ग्रंथालयाचं, हजेरीचं प्रोजेक्ट असेल तर फरक जाणवणार नाही, पण तोंडी परीक्षेत विचारलं तर आता सांगता येईल.

---

मध्यरात्र

लेख माहितीपूर्ण आहे, पण प्रोसेस-थ्रेडवर इतका भर कशाला? नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं) २००९ पासून आहे. एक थ्रेड, इव्हेंट लूप, प्रश्न मिटला. आमच्या टीमने सगळं नोडवर नेलं आणि वर्करचा आकडा ठरवायची भानगडच संपली.

---

गोदाकाठ

@मध्यरात्र, सगळ्या कामांसाठी हे खरं नाही. इव्हेंट लूप म्हणजे पिठाची गिरणी. लोक डबे ठेवून जातात, कुणी उभं राहत नाही, एकटा गिरणीवाला शंभर डबे सांभाळतो. पण जातं एकच. कुणी लग्नाचं पोतंभर दळण टाकलं की ते संपेपर्यंत पाव किलोवालाही थांबतो.

नोडमध्ये एका रिक्वेस्टने मोठा जेसनचा ढीग उलगडायला घेतला, अहवालाची पीडीएफ बनवली, किंवा वाईट रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये अडकली, की तेवढा वेळ त्या प्रोसेसमधली सगळी कनेक्शन गप्प. प्रीफोर्कमध्ये एक मूल अडकलं असतं.

शिवाय नोड पूर्ण एकथ्रेडी नाहीच. आत लिबयूव्ही या लायब्ररीचा थ्रेड पूल (तयार थ्रेडचा ताफा) असतो, मूळ आकार ४. फाइलची कामं, पासवर्डचं हॅशिंग, झिप, आणि नेहमीचं डीएनएस शोधणं त्या चारांवर चालतं. लॉगिनची गर्दी झाली आणि चारही हॅशिंगमध्ये गुंतले, तर बाहेरच्या एपीआयचा पत्ता शोधायलाही कुणी मोकळा नसतो. आकडा ठरवायची भानगड संपलेली नाही, तो आकडा आत आहे. आणि आठ कोअरचं मशीन असेल तर क्लस्टर करून आठ प्रोसेस काढाव्याच लागतात.

---

मध्यरात्र

@गोदाकाठ, डीएनएसचा मुद्दा मला नवीन आहे. आमच्याकडे सकाळी हजेरीच्या वेळी लॉगिनबरोबरच एसएमएसचा कॉलही मंदावतो आणि आम्ही एसएमएसवाल्यांकडे तक्रार करत होतो. पूलचा आकार वाढवून मोजतो आणि इथे लिहितो.

पीडीएफचं काम मात्र आम्ही आधीच वेगळ्या रांगेत काढलंय. जड काम रिक्वेस्टच्या वाटेतून बाहेर काढायचं, हे कुठलीही पद्धत वापरली तरी करावंच, या मतावर मी ठाम आहे.

---

काळाकातळ

पायथनची बाजू लिहितो, जँगोवाल्यांना उपयोग होईल.

सीपायथनमध्ये, म्हणजे नेहमीच्या पायथनमध्ये, गिल नावाचं एक कुलूप आहे. एका प्रोसेसमध्ये एका क्षणी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवतो. थ्रेड डेटाबेसची वाट पाहत असला की गिल सोडतो, त्यामुळे वाट पाहण्याची कामं थ्रेडवर छान चालतात. पण गणिताचं काम असेल तर आठ थ्रेड काढूनही एकाच कोअरचा वेग मिळतो. म्हणून पायथनचं जग प्रीफोर्ककडेच राहिलं. गुनिकॉर्न हा पायथनचा सर्व्हर रुबीच्या युनिकॉर्नवरून घेतलेला, आणि त्याच्या दस्तऐवजात सुरुवातीचा आकडा कोअरच्या दुप्पट अधिक एक असा दिलाय. चार कोअर असतील तर नऊ वर्कर. हा सुरुवातीचा आकडा आहे, तो मोजून बदलायचा असतो. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मध्ये गिलशिवायचं प्रायोगिक बिल्ड आलं आहे. ते रुळलं की हे चित्र बदलेल.

सह्यवारा यांनी सांगितलेली सामायिक पानांची गोष्ट पायथनमध्ये अपुरी पडते. पायथन प्रत्येक ऑब्जेक्टला किती जण वापरतायत तो आकडा त्या ऑब्जेक्टमध्येच लिहितो. नुसतं वाचलं तरी आकडा बदलतो, म्हणजे पानावर लिहिलं गेलं, म्हणजे प्रत निघाली. कचरा गोळा करणारा गार्बेज कलेक्टर फिरला की तोही पानांवर लिहितो. इन्स्टाग्रामच्या अभियंत्यांनी याच त्रासातून फोर्कच्या आधी ऑब्जेक्ट गोठवायची सोय पायथन ३.७ मध्ये घातली, जीसी फ्रीझ. मोठं ॲप आधी लोड करून मग फोर्क करत असाल तर ती जरूर वापरा.

आणि एक धोक्याची सूचना. ॲप आधी लोड करताना डेटाबेसचं कनेक्शन उघडलंत आणि मग फोर्क झालं, तर तेच सॉकेट सगळ्या मुलांकडे जातं. दोन मुलं एकाच कनेक्शनवर क्वेरी पाठवतात आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हाती पडतं. म्हणजे एका ग्राहकाची माहिती दुसऱ्याच्या पडद्यावर. कनेक्शन फोर्क झाल्यावरच उघडा. तसंच थ्रेड चालू असताना फोर्क करू नका. मुलात फक्त फोर्क करणारा थ्रेड जिवंत राहतो, दुसऱ्या थ्रेडने धरलेलं कुलूप मात्र तसंच बंद येतं आणि ते उघडणारा कुणी उरत नाही.

---

दूरचादिवा

नमस्कार मंडळी, जर्मनीतून लिहितोय, जावा करतो. मायभाषेत हे वाचायला मिळालं याचा आनंद झाला.

जावात इतकी वर्षं सरळ थ्रेडचा हिशेब होता. टॉमकॅट या जावाच्या सर्व्हरमध्ये मूळ २०० थ्रेड, एका रिक्वेस्टला एक. सप्टेंबर २०२३ च्या जावा २१ पासून व्हर्च्युअल थ्रेड पक्के झाले. जेव्हीएम (जावाचा कोड चालवणारं यंत्र) स्वतःच हलके थ्रेड सांभाळतं, ते डेटाबेससाठी थांबले की खालच्या खऱ्या थ्रेडवरून उतरतात आणि तो दुसऱ्याला मिळतो. कोड साधा, ओळीने वाचता येणारा, आणि ताटकळणाऱ्याची किंमत इव्हेंट लूपच्या जवळपास. जावा २१ मध्ये सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमध्ये थांबलेला व्हर्च्युअल थ्रेड खालच्या थ्रेडला चिकटून राहायचा. २०२५ च्या जावा २४ मध्ये ते सुधारलं. गो भाषेतले गोरूटीन याच घराण्यातले, सुरुवातीला २ केबीचा स्टॅक.

पण एक पाहा. थ्रेड स्वस्त झाले म्हणून दहा हजार रिक्वेस्ट आत घेतल्या, तर त्या सगळ्या पुढे डेटाबेसच्या दारात जाऊन थांबतात. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला एक प्रोसेस काढतो आणि मूळ मर्यादा १०० ची आहे. मायएसक्यूएल थ्रेड काढतो, मर्यादा १५१. वेब सर्व्हरने प्रोसेसचं ओझं टाकलं तरी डेटाबेस अजून तोच हिशेब करतोय. चार ॲप सर्व्हर, प्रत्येकावर ५० उघड्या कनेक्शनचा पूल म्हटलं की २०० झाले, पोस्टग्रेस नाही म्हणणार. मध्ये पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शन अनेकांत वाटून देणारा) ठेवा, किंवा पूल लहान ठेवा. लहान पूल आणि त्यामागे शिस्तीची रांग, हे मोठ्या पूलपेक्षा बरेचदा वेगवान निघतं.

---

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. यूआरएलमागे आकडा लावल्यावर दोन्ही टॅब एकदम संपले!

पण मग पीएचपी-एफपीएमला आकडा किती ठेवायचा? आमच्या कॉलेजच्या सर्व्हरवर मी पाहिलं, मॅक्स चिल्ड्रन (जास्तीत जास्त प्रोसेस) फक्त ५ आहे.

---

सह्यवारा

@पाटीपेन्सिल, डेबियन-उबुंटूची मूळ फाइल ५ च देते. भल्यामोठ्या मशीनवरही ५. निकालाच्या दिवशी सहाव्याने रांगेत उभं राहायचं. एफपीएमच्या लॉगमध्ये मॅक्स चिल्ड्रनची मर्यादा गाठली, वाढवण्याचा विचार करा, अशी ओळ दिसेल. ती दिसली म्हणून डोळे मिटून ५०० करू नका. मी तीन बाजूंनी पाहतो.

मेमरीची बाजू वर आलीच आहे, ती छत ठरवते. त्याच्या वर जायचंच नाही.

गर्दीची बाजू लिटलच्या नियमाने काढतो. सेकंदाला येणाऱ्या रिक्वेस्ट गुणिले प्रत्येकीला लागणारा वेळ, तेवढे वर्कर सरासरी गुंतलेले असतात. सेकंदाला २० रिक्वेस्ट, प्रत्येकी अर्धा सेकंद, म्हणजे १० गुंतलेले. चढउतारासाठी दुप्पट, २० धरा. आता तीच क्वेरी इंडेक्स नसल्याने ५ सेकंद घेऊ लागली तर गुंतलेले होतात १००. येणारी माणसं तेवढीच, गरज दहापट. म्हणून वर्कर संपले की मी आधी स्लो लॉग (मंद कामांची नोंद) उघडतो. आठ तासांचं वर्करचं गणित एका इंडेक्सने सुटतं.

तिसरी बाजू पुढच्या दाराची. पन्नास वर्कर म्हणजे डेटाबेसवर पन्नास कनेक्शन, दूरचादिवा यांनी सांगितलंच.

वेळेची मर्यादा सगळीकडे घाला, ही माझी कळकळीची विनंती. बाहेरच्या एपीआयला पाच सेकंदांत उत्तर आलं नाही तर सोडून द्या. एक पेमेंट गेटवे मंदावला आणि कॉलला मर्यादा नसली, तर एकेक करून सगळे वर्कर त्याच्या दारात अडकतात आणि ज्यांना पैसे भरायचे नाहीत, नुसती सूचना वाचायची आहे, त्यांनाही पान दिसत नाही.

---

अरण्यवाट

हे मुद्दाम घडवूनही आणता येईल ना? कुणी शेकडो कनेक्शन उघडून नुसतं धरून बसलं तर?

---

काळाकातळ

@अरण्यवाट, २००९ मध्ये नेमकं तेच जाहीर झालं, स्लोलोरिस. कनेक्शन उघडायचं, हेडरची एकेक ओळ थोड्या थोड्या वेळाने पाठवत राहायची, रिक्वेस्ट पूर्ण करायचीच नाही. प्रीफोर्क एपाचे एका साध्या लॅपटॉपने बंद पाडता यायचा, सीपीयूवर काहीही न दिसता. एपाचेमध्ये त्यावर रेकटाइमआउट मॉड्यूल आहे, हेडर किती वेळात यावेत याची मर्यादा घालतं. एनजिनएक्स पुढे ठेवला तर तो पूर्ण रिक्वेस्ट गोळा झाल्यावरच मागे पाठवतो, त्यामुळे मागचे जड वर्कर वाचतात.

---

अरण्यवाट

धन्यवाद. शेवटची शंका: सगळे वर्कर भरलेले असताना नवा माणूस आला तर त्याला एरर का येत नाही? नुसतं चक्र फिरत राहतं.

---

सह्यवारा

@अरण्यवाट, कारण कनेक्शन कर्नलने जोडलेलं असतं, सर्व्हरने नाही. वर्कर मोकळा नसला तरी कर्नल हस्तांदोलन (जोडणीची सुरुवातीची देवाणघेवाण) पूर्ण करतो आणि कनेक्शन बॅकलॉगच्या रांगेत ठेवतो. ब्राउझरला वाटतं आपण पोचलो, म्हणून तो उत्तराची वाट पाहतो. एपाचे ५११ ची रांग मागतो, पण कर्नलची सोमॅक्सकॉन मर्यादा त्यापेक्षा लहान असेल तर तीच लागू होते. लिनक्स ५.४ च्या आधी ती १२८ होती, त्यानंतर ४०९६. ही रांगही भरली की लिनक्स नव्या कनेक्शनचं पहिलं पाकीट नुसतं टाकून देतो. समोरचं मशीन एका सेकंदाने पुन्हा पाठवतं, मग दोन सेकंदांनी, मग चार. म्हणून चक्र फिरतच राहतं.

लांब रांग चांगली असं समजू नका. रांगेतला माणूस कंटाळून रिफ्रेश करतो, त्याची जुनी रिक्वेस्ट आणि नवी, दोन्हींवर वर्कर खर्च होतात, आणि पहिलीचं उत्तर वाचायला कुणी नसतं. एनजिनएक्समध्ये मर्यादा घालून जादा लोकांना लगेच ५०३ (सध्या सेवा उपलब्ध नाही) आणि "दहा मिनिटांनी या" असं साधं स्थिर पान दिलं, तर आत असलेल्यांचं काम पुरं होतं. निकालाच्या साइटसाठी मी हेच सुचवीन. आणि निकाल एकदा लागला की तो बदलत नाही, तेव्हा प्रत्येक आसन क्रमांकाचं पान आदल्या रात्रीच स्थिर फाइल म्हणून तयार करून ठेवता येतं. मग पीएचपीच्या वर्करला उठवायचीच गरज नाही.

@मध्यरात्र, पूलचे आकडे आले की इथेच टाका.

---

मध्यरात्र

पूल ४ वरून १६ केला. लॉगिनच्या गर्दीत एसएमएसचा कॉल आता अडत नाही. लॉगिन मात्र तेवढंच मंद आहे, कारण मशीनला कोअर चारच आहेत आणि हॅशिंगला सीपीयू लागतोच. त्यासाठी लॉगिनची वेगळी प्रोसेस काढतोय.